बंगळूरहून दिल्लीला गेलेले तीन उपराष्ट्रपती

1967 ते 1979 या 12 वर्षांत भारताचे जे तीन उपराष्ट्रपती झाले, त्या तिघांच्याही कारकिर्दीचा एकेक टप्पा बंगळुरात गेला होता. वराहगिरी वेंकट गिरी आणि त्यांच्या पाठोपाठ गोपाळ स्वरूप पाठक हे म्हैसूर राज्याचे राज्यपाल म्हणून इथल्या राजभवनात राहिले आणि तिथूनच उपराष्ट्रपती झाले. तिसरे बसप्पा दानप्पा जत्ती. ते मुख्यमंत्री म्हणून विधानसौधात बसले. दोन्ही वास्तू एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रोज त्यांच्यावरून जाणाऱ्या बंगळूरकरांना मात्र ही गोष्ट सहसा ठाऊक नसते.

मी जमखंडीची. बंगळूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली. 2008 साली अमेरिकेत जॉन मॅकेन यांनी सेरा पेलिन यांना उपाध्यक्षपदासाठी जोडीला घेतले, तेव्हा माझ्या वर्गात त्याची चर्चा आठवडाभर पुरली. निम्म्या मुलांचे कोणी ना कोणी कॅलिफोर्नियात होते. अलास्काच्या गव्हर्नरपदाची दोन वर्षेही पुरी न झालेल्या बाईंना टीव्ही पत्रकार केटी कुरिक यांनी तुम्ही कोणती वर्तमानपत्रे वाचता असे विचारले आणि त्यांना एकही नाव सांगता आले नाही, ही चित्रफीत मुलांनी मलाच दाखवली. मी त्यांना 1972 सालचे टॉमस ईगल्टन यांचे प्रकरण सांगितले. उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून निवड झाल्यावर काही दिवसांतच त्यांच्यावर पूर्वी झालेल्या मानसोपचारांच्या बातम्या बाहेर आल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅम, आपल्याकडे उपराष्ट्रपतीला असं कोणी का विचारत नाही?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर या शहराच्या इतिहासात शोधावे लागते.

राज्यघटनेच्या 66व्या अनुच्छेदात उपराष्ट्रपतीच्या पात्रतेबद्दल फार थोडे लिहिले आहे. नागरिक असावा, वयाची 35 वर्षे पूर्ण झालेली असावीत, राज्यसभेवर निवडून येण्यास पात्र असावा, सरकारी लाभाचे पद नसावे. त्याआधीच्या अनुच्छेदात मात्र सगळी जोखीम भरलेली आहे. राष्ट्रपतिपद अचानक रिकामे झाले, तर नवा राष्ट्रपती येईपर्यंत त्याचे काम उपराष्ट्रपतीने करायचे. म्हणजे एरवी राज्यसभेत गोंधळ आवरणारा माणूस एका सकाळी उठतो आणि वटहुकूम, आणीबाणी, विधानसभांचे विसर्जन या सगळ्यांवरच्या सहीचा धनी होतो. अमेरिकेत पक्षाने निवडलेली जोडी निदान दोन-तीन महिने लोकांपुढे उभी असते. आपल्याकडे नाव पक्षश्रेष्ठींच्या बैठकीतून निघते आणि मते फक्त खासदार देतात. वर्तमानपत्रांच्या वाट्याला मधले थोडे दिवस येतात. ते दिवस माणूस कोणाचा, कोणत्या प्रांतातला, कोणत्या समाजातला, याच हिशेबात जातात. माझा आक्षेप त्यालाच आहे.

तसे दिवस बंगळूरने जुलै 1969 मध्ये स्वतः पाहिले.

3 मे 1969 रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना राष्ट्रपतीचे निधन होण्याचा हा पहिलाच प्रसंग. उपराष्ट्रपती गिरी त्याच दिवशी हंगामी राष्ट्रपती झाले. राधाकृष्णन आणि झाकिर हुसेन दोघेही उपराष्ट्रपतिपदावरून राष्ट्रपतिपदावर गेले होते, त्यामुळे पुढचा मान आपला, असे गिरींना वाटणे स्वाभाविक होते. दोन महिन्यांनी काँग्रेस महासमितीचे अधिवेशन बंगळुरात, लालबागेतल्या काचघरात भरले. 1889 साली पायाभरणी झालेले ते लोखंड आणि काचेचे घर पुष्पप्रदर्शनांसाठी प्रसिद्ध. पक्षाचे अध्यक्ष निजलिंगप्पा याच राज्याचे माजी मुख्यमंत्री, म्हणजे यजमानच. इंदिरा गांधींनी बँकांच्या राष्ट्रीयीकरणासह आर्थिक धोरणाबद्दलचे आपले विचार एका टिपणाच्या रूपाने फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हाती आधी पाठवले. भांडणाचा मुद्दा आर्थिक असल्याचे वरवर दिसत होते. खरी झुंज 12 जुलैला पार्लमेंटरी बोर्डाच्या बैठकीत झाली.

इंदिराबाईंनी जगजीवन राम यांचे नाव पुढे केले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी दलित समाजातला राष्ट्रपती व्हावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्या बाजूचे नाव लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी. रेड्डींच्या बाजूने मोरारजी देसाई, कामराज आणि स. का. पाटील होते. गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांचे मत कुठे पडते, इकडे दोन्ही गटांचे डोळे लागले होते. ते रेड्डींना पडले आणि पंतप्रधानांचा उमेदवार हरला. चौघांपैकी दोघे मराठी होते, एक मुंबईचे पाटील आणि एक कराडचे चव्हाण. दिल्लीच्या राजकारणातला एवढा मोठा निर्णय मराठी मतांवर, तोही कानडी मुलखात, क्वचितच झाला असेल.

त्या मतावरून चव्हाणांची झालेली चिरफाड पुढे वर्षानुवर्षे चालली. पुढच्याच काही महिन्यांत पक्ष फुटला, चव्हाण इंदिराबाईंबरोबर गेले, आणि कुंपणावरचा पुढारी हा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. आचार्य अत्रे महिनाभर आधीच, 13 जूनला गेले होते. ते असते तर त्यांच्या ‘मराठा’ दैनिकाने त्या आठवड्यात काय धुमाकूळ घातला असता, याची कल्पना त्या पिढीच्या वाचकांना आहे. मला मात्र त्या साऱ्या टीकेत एक पोकळी दिसते. चव्हाण कोणाच्या बाजूने गेले याचा काथ्याकूट झाला. पण ज्या पदासाठी मत पडले, त्या पदावर बसून रेड्डी काय करतील, जगजीवन राम काय करतील, आणि बोर्डाने ज्यांना बाजूला सारले ते गिरी दोन महिने ते काम कसे करत होते, हे तेव्हाच्या वादात दुय्यमच राहिले.

गिरी काही नुसते वयोवृद्ध गृहस्थ नव्हते. डब्लिनमध्ये कायदा शिकलेले, रेल्वे कामगारांच्या संघटनेत वाढलेले. 1954 साली बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, म्हणून त्यांनी केंद्रातल्या मजूरमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. सत्तेपेक्षा एखादा मुद्दा मोठा मानणारा हा माणूस आहे, हे 15 वर्षांपूर्वीच दिसले होते. तोच माणूस 13 जुलैला अपक्ष म्हणून राष्ट्रपतिपदासाठी उभा राहिला. 19 जुलैला 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पदे सोडली. घटनेप्रमाणे उपराष्ट्रपतीने राजीनामा राष्ट्रपतीकडे द्यायचा असतो, आणि राष्ट्रपतीचे काम तर तेच पाहत होते! सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सूत्रे घेतली. दोन्ही पदे रिकामी झाल्यास काय करायचे याचा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात झाला होता, म्हणून निभावले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन जुलैअखेर दिल्लीत उतरले तेव्हा त्यांचे यजमान एक न्यायाधीश होते.

स्वतः उमेदवार असताना एवढ्या मोठ्या वटहुकमावर सही करून मग राजीनामा देणे योग्य होते का? माझ्या मते नव्हते. राजीनामा 13 तारखेलाच यायला हवा होता. उपराष्ट्रपतीची योग्यता तपासायची तर ती अशा आठवड्याच्या कसोटीवर तपासावी लागते.

निवडणुकीत तिसरा उमेदवार मराठी होता. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्राचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली मंत्रिपद सोडलेले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभे केले होते. नुसती कामाची यादी मांडली, तर तिघांत त्यांचे पारडे जड होते असे मी आजही म्हणेन. त्यांना पहिल्या पसंतीची 1,12,769 मते मिळाली आणि ते तिसरे आले. त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून निजलिंगप्पांनी त्या दोन पक्षांशी बोलणी केली. त्याचाच हवाला देऊन इंदिराबाईंच्या गटाने सदसद्विवेकाने मत द्या, अशी हाक दिली. 20 ऑगस्टला मोजणी झाली. गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. देशमुखांची बहुतेक मते दुसऱ्या फेरीत रेड्डींकडे वळूनही ती 14,650 नी कमी पडली.

या निवडणुकीने आणखी एक वाईट गोष्ट दाखवली. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे निनावी पत्रक संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वाटले गेले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि विद्यमान राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला उभे राहिले. याचिका 1970 साली फेटाळल्या गेल्या. उघड, सभ्य आणि कठोर प्रश्न विचारण्याची रीत जिथे नसते, तिथे अशी पत्रके निघतात. म्हणूनच वर्तमानपत्रांनी केलेल्या झडतीची मला भीती वाटत नाही.

पाठकांविषयी फार सांगण्यासारखे नाही. बरेलीत जन्मलेले, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मग केंद्रात कायदामंत्री, आणि 1967 पासून बंगळूरच्या राजभवनात. ऑगस्ट 1969 मध्ये राज्यपालपदावरून ते थेट उपराष्ट्रपती झाले. त्यांच्याविरुद्ध उभे असलेल्यांत हरी विष्णु कामत होते. घटना समितीत ज्यांनी कलमागून कलमावर दुरुस्त्या मांडल्या, तेच कामत. पाठकांच्या पाच वर्षांत राष्ट्रपतिपद रिकामे झाले नाही. त्यांची कसोटी लागलीच नाही.

जत्तींची मात्र लागली, आणि दोनदा.

जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान. राजा मराठी, दरबारची भाषा मराठी, रयत बहुतांशी कानडी. माझे वडील संस्थानच्या दप्तरात कारकून होते. आमच्या घरी पुढेही कितीतरी वर्षे जत्तींचा उल्लेख ‘जत्ती वकील’ असाच व्हायचा. सावळगीचा हा लिंगायत मुलगा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकला, तिथेच कायद्याची पदवी घेतली, जमखंडीला वकिली केली आणि संस्थानाचा मुख्यमंत्रीही झाला. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर ते बाळासाहेब खेरांचे संसदीय चिटणीस झाले, आणि 1952 नंतर मोरारजींच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि मजूर खात्यांचे उपमंत्री. राज्यपुनर्रचनेत आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. मे 1958 मध्ये ते इथले मुख्यमंत्री झाले. 1961 चा जमीन सुधारणा कायदा त्यांच्याच काळातला. त्याच वर्षांत मुंबईला चव्हाण मुख्यमंत्री होते. दोघेही राजाराम कॉलेजचे, दोघेही वकील, आणि बेळगावच्या प्रश्नावर समोरासमोर. 1960 साली दोन्ही राज्यांच्या चार सदस्यांची समिती नेमली गेली आणि तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात जत्ती म्हणजे सीमाप्रश्नातला दुसऱ्या बाजूचा माणूस. कोल्हापुरात शिकलेला, मुंबईत मंत्री राहिलेला हा माणूस आपल्याला अर्धा ओळखीचा आहे, हे महाराष्ट्राने कधी मनावर घेतले नाही.

पुढे पाँडेचरीचे नायब राज्यपाल, ओडिशाचे राज्यपाल, आणि ऑगस्ट 1974 मध्ये उपराष्ट्रपती. झारखंडचे निरल एनेम होरो यांच्या 141 मतांविरुद्ध 521 मतांनी. दिल्लीत त्यांची ओळख एकाच वाक्यात व्हायची: इंदिरा गांधींच्या भरवशाचा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला गृहस्थ. दहाच महिन्यांनी आणीबाणी आली आणि पत्रकारांचे हात बांधले गेले. संसदेत काय बोलले गेले हेसुद्धा छापायला परवानगी लागू लागली. नोव्हेंबर 1976 मध्ये राज्यसभेने सुब्रमण्यम स्वामी यांचे सदस्यत्व रद्द केले, तेव्हा सभापतीच्या खुर्चीत जत्ती होते. तिथे त्यांनी विरोधी सदस्याची बाजू राखायला हवी होती. ती राखली नाही, हे माझ्या गावचा माणूस म्हणून मी लपवणार नाही.

11 फेब्रुवारी 1977 रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले. निवडणुका जाहीर झालेल्या, आणीबाणी अजून उठलेली नाही, आणि राष्ट्रपतिपदाचे काम जत्तींच्या हाती. आता काय होणार याची धास्ती घेण्यासारखीच ती वेळ होती. पण निकाल लागले, 21 मार्चला आणीबाणी उठवल्याच्या कागदावर त्यांची सही झाली आणि 24 मार्चला त्यांनी मोरारजी देसाईंना पंतप्रधानपदाची शपथ दिली. ज्यांच्या हाताखाली मुंबईत उपमंत्री होते, त्यांनाच.

मग एप्रिल आला. जनता सरकारने ठरवले की लोकसभेत काँग्रेसचा धुव्वा उडालेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायच्या. कर्नाटक त्यात नव्हते. इथे काँग्रेसने 28 पैकी 26 जागा जिंकल्या होत्या. गृहमंत्री चरणसिंगांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे पाठवली, सहा राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 29 एप्रिलला न्यायालयाने त्यांचे दावे फेटाळले. मंत्रिमंडळाचा सल्ला जत्तींकडे गेला. त्यांनी लगेच सही केली नाही.

मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत जमखंडीला होते. ओसरीवर वडील, शेजारचे निवृत्त मास्तर आणि रेडिओ. मास्तर आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले. ते तावातावाने म्हणाले, “अण्णा, तुमच्या जत्ती वकिलाला अजून बाईंचीच भीती वाटते बघा!” वडील शांतपणे म्हणाले, “भीती असेल, नसेल. पण नऊ राज्यं एका कागदानं घरी पाठवायची, तर एक रात्र विचार करायला नको होय मास्तर?” दोघे त्या रात्री जेवायला उठले ते एकमेकांशी न बोलता.

30 एप्रिलला सही झाली. मधल्या काळात जत्तींवर चहूबाजूंनी टीकेची झोड उठली होती. ती उठणारच होती. 42व्या दुरुस्तीने राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला मानणे स्पष्ट शब्दांत बंधनकारक केले होते. ज्या माणसाला आणीबाणीच्या 21 महिन्यांत सरकारला एकदाही अडवताना कोणी पाहिले नव्हते, त्याला नेमका आताच विवेक आठवावा, हा संशय रास्त होता. त्याचे उत्तर जत्तींकडे नव्हते.

पण पुढे काय झाले तेही सांगायला हवे, कारण टीका करणाऱ्यांनी ते क्वचितच सांगितले. त्याच जनता सरकारने 44वी दुरुस्ती केली आणि मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतीला दिला. म्हणजे जत्तींना जो अवधी हवा होता, तो त्यांच्यानंतर घटनेत लिहिला गेला. 1980 मध्ये सत्तेवर परतलेल्या इंदिराबाईंनीही तेच हत्यार उचलले आणि नऊ विधानसभा विसर्जित झाल्या. 1989 साली बंगळुरातले सोमप्पा रायप्पा बोम्मई यांचे सरकार राज्यपालांच्या अहवालावरून बरखास्त झाले, आणि त्या प्रकरणात मार्च 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला वेसण घातली. बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरवा, असे बजावले. पुढे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी 1997 मध्ये उत्तर प्रदेशाबाबतचा आणि 1998 मध्ये बिहारबाबतचा राष्ट्रपती राजवटीचा सल्ला परत पाठवला. तेव्हा त्यांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. नारायणनही आधी उपराष्ट्रपतीच होते.

जत्तींची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. सहीला लावलेला उशीर चूक होता की बरोबर, यावर माझे मत वडिलांच्या बाजूचे आहे, आणि राज्यसभेतल्या त्यांच्या मौनाबद्दल मास्तरांच्या बाजूचे. खेद वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे दोन्ही प्रश्न 1974 च्या ऑगस्टमध्ये त्यांना विचारता आले असते. विरोधी सदस्याची गळचेपी होत असेल तर तुम्ही सभापती म्हणून काय कराल? पंतप्रधानांचा सल्ला तुम्हाला पटला नाही तर काय कराल? तेव्हा वर्तमानपत्रे मोकळी होती, सेन्सॉर अजून बसलेला नव्हता. 25 जुलै 1977 रोजी जत्तींनी राष्ट्रपतिपदाची सूत्रे बिनविरोध निवडून आलेल्या संजीव रेड्डींकडे सोपवली. तेही नाव प्रश्नांशिवायच पुढे आले होते.

निवृत्तीनंतर जत्ती बंगळूरला परतले. 1964 मध्ये त्यांनीच सुरू केलेली बसव समिती त्यांनी पुढे चालवली आणि जून 2002 मध्ये याच शहरात ते वारले. बसवण्णांच्या वचनांच्या कामात ते रमले, म्हणून शहराला ते बसव समितीचे जत्ती म्हणूनच आठवतात.

सप्टेंबर 2025 मध्ये चंद्रपुरम पोन्नुसामी राधाकृष्णन मुंबईच्या राजभवनातून उपराष्ट्रपतिपदावर गेले, 300 विरुद्ध 452 मतांनी. हा रस्ता गिरी आणि पाठकांचाच. त्या आठवड्यात मी मराठी, कानडी आणि इंग्रजी वर्तमानपत्रे रोज वाचत होते. राज्य कोणते, समाज कोणता, कोणत्या निवडणुकीत कोणाला फायदा, हे सगळे होते. विरोधी उमेदवार सुदर्शन रेड्डी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, म्हणून त्यांचे जुने निकाल तरी थोडे चर्चेला आले. पण 44व्या दुरुस्तीने दिलेला तो एकदाच परत पाठवण्याचा अधिकार, वेळ आलीच तर तुम्ही कधी वापराल, हा प्रश्न दोघांपैकी कोणालाही विचारलेला मला आढळला नाही. पुढच्या वेळी तो माझ्या वर्गातल्या त्या मुलीसारख्या कोणीतरी पत्रकार परिषदेत उभे राहून विचारावा, आणि उत्तर पहिल्या पानावर छापून यावे.